जागं होण्याइतका वेळ

क्षमाला काहीही विचारा, ती आधी थांबते. "चहा घेणार का?" एवढ्या प्रश्नालासुद्धा. ती आपल्याकडे बघते, मग तिची नजर आपल्या खांद्यावरून कुठेतरी पलीकडे जाते आणि दूरच्या गावी जाऊन आल्यासारखी ती सांगते, "अर्धा." आमच्या मजल्यावर राहायला आली तेव्हा मला वाटलं, हिला कमी ऐकू येतं. मग वाटलं, शिष्ट असावी. दोन्ही नव्हतं. तिला तशी सवयच लागलेली होती, आणि ती कुठून लागली ते मला बऱ्याच उशिरा कळलं.

आम्ही बोरीवली पूर्वेला, नॅशनल पार्कच्या अगदी कडेला राहतो. आधी चार मजल्यांची जुनी बिल्डिंग होती, लिफ्ट नसलेली. ती पाडून बावीस मजल्यांचा टॉवर झाला आणि आम्ही जुनी माणसं एकदम वर गेलो. मी अकराव्यावर. सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पार्कातलं धुकं दिसतं. दुधाची पिशवी कापताना मध्येच हात थांबतो, आपण नक्की कुठे राहतो असं वाटतं. माझ्या समोरच्या दारात क्षमा, एकटी. आणि तिच्या शेजारी दशरथकाका, मुलगा नितेश आणि सून श्वेता.

दशरथकाकांना दिसत नाही. विशीत दृष्टी गेली. पुढे एका सरकारी ऑफिसात ते टेलिफोन ऑपरेटर झाले आणि तिथूनच रिटायर झाले. त्यांचा आवाज असा आहे की वीस वर्षांपूर्वी फक्त फोनवर ऐकलेली माणसं आजही रस्त्यात तो ओळखतात. जुन्या बिल्डिंगीत ते काठी न घेता उतरायचे. कुठल्या पायरीचा कोपरा उडालाय, कुठे जोशांच्या फोडणीचा वास येतो, सगळं पाठ. खाली उतरून गेटबाहेरच्या दुधाच्या स्टॉलवर उभ्या उभ्या थंडगार एनर्जी, म्हणजे बाटलीतलं गोड सुगंधी दूध, प्यायची, बाकावर दोस्तांशी वाद घालायचे आणि वर यायचं. हा त्यांचा दिवस. बाकी सगळं त्याच्या अलीकडचं किंवा पलीकडचं.

टॉवर झाला आणि सगळे मजले सारखे झाले. सारखी फरशी, सारखा वास, सारखा गारवा. लिफ्टच्या बटणांवर बोटांना कळणारे ठिपके आहेत. पण मध्येच कुणी बोलावलं की लिफ्ट थांबते, दार उघडतं, आणि हा आपला मजला की दुसऱ्याचा हे काकांना कसं कळणार? बोलणारी लिफ्ट बिल्डरने दिलीच नव्हती. नितेश म्हणाला, "बाबा, मी घरी असेन तेव्हा जाऊया ना खाली." पण नितेश घरी असतो कधी?

हे क्षमाने आपल्या दारातून ऐकलं. नेहमीसारखी थांबली. आणि महिन्याभराने पोळीच्या डब्याएवढा एक डबा घेऊन काकांकडे गेली.

अंधेरीला एका छोट्या कंपनीत ती काम करते. वजनकाटे, पाण्याचे मीटर अशा वस्तूंच्या आतली सर्किटं तिथे बनतात आणि त्यांना अक्कल शिकवायचं काम क्षमाचं. डब्याची कल्पना साधी होती. लिफ्ट कुठल्या मजल्यावर थांबली हे डब्याला कळणार, आणि आतल्या नखाएवढ्या मेमरी चिपमधून त्या मजल्याचं नाव काढून तो ते मोठ्याने बोलणार. आवाज कुणाचा, हा प्रश्नच नव्हता. काकांनी घसा साफ केला, ऑपरेटरच्या खुर्चीत बसल्यासारखे ताठ झाले आणि तळमजल्यापासून बावीसपर्यंत बोलले. "अकरावा मजला. दार उघडतंय हां." तो 'हां' त्यांच्या नोकरीतला. "एक मिनिट हां, जोडून देतो," यातला.

आमचे सेक्रेटरी नंदकुमार पहिल्या फेरीला हजर होते. "घरचा आवाज, घरचं मशीन! झकास. लिफ्टवाल्याने याचेच केवढे पैसे सांगितले असते."

"चहा तरी पाजा मग क्षमाला," मी म्हटलं.

"सोसायटीच्या खर्चातून चहा बसत नाही हो वहिनी."

हे डिसेंबरात. पुढे दुसऱ्या लिफ्टलाही तसाच डबा बसला आणि काका पुन्हा एकटे खाली जाऊ लागले. कधी कधी मी भाजी घेऊन वर येताना लिफ्टमध्ये एकटीच असायचे आणि काकांचा आवाज म्हणायचा, "अकरावा मजला." घरात कुणी वाट बघतंय असं वाटायचं.

मग मे महिना आला. दुपारी हवा नुसती उभी असते तो काळ. मी आडवी झाले होते. फोन वाजला, नितेश. "रुचिराताई, बाबा घरी आहेत का बघता? वॉचमन म्हणतो मघाशीच वर गेले. फोन उचलत नाहीत, यार, मी ऑफिसात अडकलोय."

काकांच्या दाराला कुलूप होतं. मी जिन्याने निघाले. दहाव्यावर कुणी नाही. नववा रिकामा. आठव्याचं दार ढकललं आणि एकदम वारा अंगावर आला.

टॉवरमध्ये असा एक मजला असतो. आग लागली तर माणसांनी येऊन थांबावं म्हणून अर्धा मोकळा सोडलेला, भिंती नाहीत, छातीएवढा कठडा आणि पलीकडे सगळा पार्क. एरवी तिथे कुणी जात नाही. पोरं लपाछपी खेळतात, लिफ्टचं बटण दाबून पळतात. त्या दुपारी पार्कातून वारा येत होता, वाळलेल्या पानांचा आणि तापलेल्या मातीचा वास घेऊन, आणि त्या रिकाम्या फरशीवर भिंतीला टेकून दशरथकाका बसले होते. चपला शेजारी नीट जोडून ठेवलेल्या. हातात घराची किल्ली.

"काका!"

"कोण, रुचिरा?" आवाज अगदी सावकाश. "मी खंय इलंय गो?"

"आठव्यावर आहात. चला, उठा."

"आठव्यावर." त्यांनी मान हलवली. "मला वाटलं, मी गेलो. लिफ्ट म्हणाली, अकरावा मजला, दार उघडतंय हां. उतरलो, उजवीकडे वळलो, हात पुढे केला तर माझ्या दाराच्या जागी भिंत. दुसरीकडे वळलो तर काहीच नाही, नुसता वारा. म्हटलं, मेल्यावर असंच असणार. आपलाच आवाज सांगतो घर आलं, आणि दार उघडलं की नुसतो वारो." मग हसले. "माझोच आवाज माझ्याशी खोटां बोललो."

मी त्यांच्याजवळ बसले. खरं सांगायचं तर लगेच उठावंसं मलाही वाटेना. खालून कुठूनतरी कोकीळ ओरडत होता, आणि दुपार आपल्याला विसरून गेल्यासारखी पसरली होती.

संध्याकाळी नितेशचा आवाज माझ्या घरापर्यंत येत होता. "कठडा होता म्हणून! नाहीतर वाट लागली असती ना! उद्यापासून एकट्याने खाली जायचं नाही. बस." नंतर नितेशने क्षमाची बेल वाजवली. बिचारा रागाने नाही, भीतीने बोलत होता. "क्षमाताई, तुम्ही चांगल्यासाठी केलंत. पण तो डबा काढा. न बोलणारी लिफ्ट परवडली, खोटं बोलणारी नको."

क्षमा थांबली. नेहमीपेक्षा जास्त. मग म्हणाली, "रविवारपर्यंत दे मला. तोवर डब्याचा आवाज मी बंद ठेवते. रविवारी तूच ठरव."

त्या दिवसापासून काका घराबाहेर आले नाहीत. श्वेताने एनर्जीची बाटली आणून दिली तर म्हणाले, ठेव फ्रीजमध्ये. ती तिथेच राहिली.

शनिवारी सकाळी क्षमा, काकांना चुकीचा मजला सांगणाऱ्या त्या दुसऱ्या लिफ्टमध्ये, डब्याचा आवाज चालू करून स्टूल टाकून बसली. वर, खाली, वर, खाली. डबा एकदाही चुकला नाही. "आठवा मजला. दार उघडतंय हां." लिफ्टमध्ये शिरणारी माणसं तिला पाहून दचकत होती. नंदकुमार म्हणाले, "लिफ्टमन ठेवायचा ठराव झालेला नाही बरं का."

दुपारी तिने डबा काढला आणि माझ्या दारात उभी राहिली. "ताई, हेअर ड्रायर आहे?"

"केस धुतलेस?"

"चिपला ताप द्यायचाय."

तिच्या डायनिंग टेबलावर डबा उघडा पडला होता. मी सोबतीला बसले. ड्रायरची गरम हवा चिपवर सोडत ती एकेक बटण दाबू लागली. पाच. "पाचवा मजला." सात. "सातवा मजला." हवा तापत गेली. आठ. आणि टेबलावरून काकांचा प्रसन्न आवाज आला, "अकरावा मजला. दार उघडतंय हां."

क्षमाने ड्रायर बंद केला, आणि तिच्या चेहऱ्यावर हरवलेली वस्तू समोरच सापडावी तसं काहीतरी आलं.

"झोपेत बोलतेय," ती म्हणाली.

"कोण?"

मग तिने मला समजावलं, आणि मला कळलं तसं मी लिहिते. वीज गेली तरी डबा बोलावा म्हणून त्यात बॅटरी आहे, आणि बॅटरी वाचवायला काम नसेल तेव्हा चिपला झोपवतात. मजला आला की चिपशी बोलणारा छोटा प्रोग्रॅम, त्याला ड्रायव्हर म्हणतात, तिला हाक मारतो: ऊठ. हाक मारली की लगेच काही विचारायचं नसतं. तिला जागं व्हायला वेळ लागतो, सेकंदाच्या लाखाव्या हिश्शाच्या आसपासचा, पण लागतो. त्याच्या आत विचारलं तर ती अर्धवट झोपेत काहीतरी उत्तर देते. आठ विचारलं तर अकरा. उन्हाने तापली तर जागं व्हायला आणखी उशीर.

"पण पहिल्या लिफ्टचा डबा कधी चुकला नाही की," मी म्हटलं.

"त्यातली चिप दुसऱ्या कंपनीची आहे, चट्‌कन उठते. दुसऱ्या वेळी बाजारात ती मिळाली नाही. मापाने, पायांनी तंतोतंत जुळणारी ही मिळाली. मी जुनाच ड्रायव्हर उचलून घातला." तिने स्क्रीनवरची एक ओळ दाखवली. "हे बघा. ऊठ म्हण, मग शंभरपर्यंत मोज, मग विचार. शंभर का? कारण डिसेंबरच्या गार संध्याकाळी, याच टेबलावर, शंभरला चाललं. आणि या डब्यातला प्रोसेसर नवा आहे, तो जास्त भरभर मोजतो. म्हणजे उठणारी सावकाश, आणि मोजणारा घाईचा."

मी हसले. "अगं, म्हणजे शिट्ट्या."

"काय?"

"आपण म्हणतो ना, डाळीला तीन शिट्ट्या. माझा नवा कुकर फटाफट शिट्ट्या देतो. पहिले आठ दिवस कच्ची डाळ खाल्ली आमच्या घराने."

ती थांबली, खांद्यावरून पलीकडे जाऊन आली. "हो. मी शिट्ट्या लिहून ठेवल्या. डाळीला किती वेळ हवा ते कुठे लिहिलंच नाही." मग हळूच म्हणाली, "आणि हे मी करावं? मी?"

तेव्हा तिने वडिलांचं सांगितलं. भांडुपच्या चाळीत एक खोली. गिरणी बंद पडल्यावर वडील एका गोदामावर वॉचमन झाले, कायम रात्रपाळी. दिवसा ते झोपायचे आणि बाकी घर त्यांच्याभोवती पाय न वाजवता फिरायचं. दुपारी उठले की क्षमाची आई कुंदाताई चहाचा कप हातात द्यायची. घराचा एक नियम होता: कप खाली ठेवेपर्यंत त्यांना काही विचारायचं नाही. एकदा क्षमाने डोळे उघडल्याबरोबर विचारलं, बाबा, सहलीला जाऊ? ते म्हणाले, हो, गेट बंद कर. मग गोदामावर रात्रभर तेच शोधत बसले, कुठलं गेट, कुणी सांगितलं. कप खाली ठेवला की मात्र ते पूर्ण आलेले असायचे. मग काहीही विचारा.

"आम्ही भावंडं त्या कपाकडे बघत बसायचो," क्षमा म्हणाली. "चहा निवला की लवकर संपायचा, गरम असला की उशिरा. आम्ही कधी मोजलं नाही. कप बघायचो."

बाहेर ऊन उतरत होतं, पार्काची झाडं निळसर होत चालली होती. ती कामाला लागली आणि मी लसूण सोलत तिथेच बसले. तिने शंभरवाली ओळ पुसून टाकली. नुसता आकडा मोठा करून चाललं नसतं का, मी विचारलं. "चाललं असतं. पुढच्या चिपपर्यंत."

तिने एक तक्ता मांडला. प्रत्येक चिपला एक ओळ. ओळीत तिच्या गरजा, नावानिशी: जागं व्हायला किती, दोन हुकमांच्या मध्ये किती दम, लिहिल्यावर किती थांबायचं, पुसल्यावर किती. सगळं नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागात, कारण काळ हा काळासारखाच लिहायचा, कुणाच्या मोजण्यासारखा नाही. चिप बनवणारे सोबत माहितीपत्रक देतात, त्यात दोन रकाने असतात, सर्वसाधारण आणि जास्तीत जास्त. तिने दुसऱ्या रकान्यातलेच आकडे घेतले. "सर्वसाधारण म्हणजे डिसेंबर," ती म्हणाली. "आपल्याला मे धरायचाय."

मग प्रत्येक प्रोसेसर आपापल्या वेगाने हिशेब करणार, इतक्या काळात माझे मोजण्याचे ठोके किती. पूर्ण भाग गेला नाही, थोडं उरलं, तर एक ठोका जास्त धरायचा. कमी कधीच नाही.

"आणि डब्याला कसं कळणार, आत कुठली चिप आहे?" माझं शंकाखोर डोकं.

"विचारायचं. चिपा आपलं नाव सांगतात."

"पण ती झोपलेली असेल तर नाव विचारायच्या आधी किती थांबणार? नाव कळल्याशिवाय ओळ कळणार नाही, आणि ओळ कळल्याशिवाय…"

क्षमाने वर पाहिलं, आणि पहिल्यांदाच न थांबता उत्तर दिलं. "समोरचं कोण हे कळेपर्यंत सगळ्यात सावकाश उठणारी तीच, असं धरून थांबायचं."

लसूण केव्हाच संपला होता. मी सालं चिवडत बसले होते.

दिवेलागणीच्या वेळी ड्रायर पुन्हा सुरू झाला. माझा ड्रायर जळायची वेळ आली, डब्याचा प्लास्टिकचा कोपरा वाकला, पण टेबलावरचे काका शांतपणे म्हणत राहिले, आठवा मजला, आठवा मजला, आठवा मजला.

रविवारी दुपारी, सगळ्यात कडक उन्हाच्या वेळी, नितेश बापाला घेऊन लिफ्टसमोर उभा राहिला. डबा परत जागेवर होता, आवाज चालू. क्षमाने काकांना सगळं सांगितलं. चूक माझी होती, चिपची नाही, तुमच्या आवाजाची तर नाहीच, असंही सांगितलं.

"म्हणजे तिका झोपेतून उठवलंस आणि लगेच कामाला लावलंस," काका म्हणाले. "आमचे साहेब असेच होते."

"आता नाही लावत."

"मी बरोबर येतो, बाबा," नितेश म्हणाला.

"मग मी नाय जाणार. बरोबर कुणी असला तर लिफ्टीन बोलूक कशाक होया?" काकांनी काठी पुढे केली. नितेशने क्षमाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग बाजूला झाला.

दार बंद झालं. वरचे लाल आकडे उतरत गेले. वॉचमनचा फोन आला, काका स्टॉलवर पोचले. मग बराच वेळ काही नाही. नितेश जिन्याच्या दाराशी, क्षमा भिंतीला टेकून, मी माझ्या उंबरठ्यात. शेवटी वॉचमनने कळवलं, निघाले वर.

आकडे चढू लागले. पाच. सहा. सात. आठ. आणि आठावर थांबले.

नितेशचा चेहरा पांढरा पडला. आकडा पुन्हा हलला, नऊ, दहा, अकरा. दार उघडलं. "अकरावा मजला. दार उघडतंय हां," काकांचा आवाज म्हणाला. आत कुणी नव्हतं.

"बघितलंत?" नितेश जिन्याकडे धावला. क्षमाने त्याचा दंड धरला.

"थांब."

"सोडा हो! बाबा तिथे—"

"नितेश. ऐक. आठव्यावरचं बटण कुणी बाहेरून दाबलं, की त्यांनी आतून, तुला माहीत आहे? तू धापा टाकत जाऊन हाक मारलीस की त्यांना तेवढंच कळेल, की मुलाचा विश्वास नाही. थोडं थांब."

रिकामी लिफ्ट दार उघडं टाकून उभी होती. मग दार आपोआप मिटलं. क्षमाचा हात नितेशच्या दंडावरच होता, आणि तिचे डोळे नेहमीसारखे पलीकडे कुठेतरी, एका कपावर असावेत तसे. मला तर आठव्यावरचा तो वारा इथपर्यंत जाणवायला लागला.

लाल आकडा हलला. दहा. नऊ. आठ. थांबला. आणि वर येऊ लागला.

दार उघडलं. "अकरावा मजला," लिफ्ट म्हणाली, आणि आत उभे असलेले काका तिच्याबरोबरच म्हणाले, "दार उघडतंय हां." एकाच गळ्याचे दोन आवाज. केस विस्कटलेले, ओठांवर एनर्जीची पांढरी मिशी.

"बाबा! आठव्यावर कशाला उतरलात?"

"वारो खावक." काठी टेकत ते उजवीकडे वळले, हात पुढे केला, आणि दाराच्या मुठीवर तो बरोबर पडला. "आठवा म्हणाली, म्हणून उतरलंय. खोटां बोलली असती तर कसो उतरलो असतो?"

नितेशला बरंच काही विचारायचं होतं, दिसत होतं. क्षमाने नुसती मान हलवली. श्वेताने आतून चहा आणून सासऱ्यांच्या हातात दिला. काका खुर्चीत टेकले, डोळे मिटून घोट घेऊ लागले, अजून अर्धे त्या मोकळ्या मजल्यावरच असल्यासारखे. आम्ही सगळे दारात उभे राहिलो. कप खाली ठेवेपर्यंत कुणी काही विचारलं नाही.